38 ओहमवरून खाली: मुरमाड माळावरच्या घराचं अर्थिंग

आमचं घर पारनेर तालुक्यात, माळावर. वर वीतभर माती, खाली मुरूम आणि पुरुषभर खोल गेलं की काळा पाषाण. वायरिंगबद्दल इतक्या वर्षांत कधी तक्रार नव्हती, म्हणजे दिवे लागत होते आणि मोटर पाणी चढवत होती. अर्थिंग म्हणाल तर घरामागे सिमेंटच्या चौकटीतून डोकावणारा एक जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. बांधकामाच्या वेळी वायरमनने मीठ-कोळसा टाकून पुरलेला. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायचं, एवढीच त्याची देखभाल.

2024 च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली आणि छतावर तीन किलोवॉटचं सोलर बसवायचं घरात ठरलं. तीन किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान मिळतं. मार्चमध्ये पोर्टलवर अर्ज भरला. वीजबिल सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या नावावर, त्यामुळे अर्ज त्यांचा, बँक खातं त्यांचं आणि ओटीपीही त्यांच्याच फोनवर. ज्यांचं बिल अजून वारलेल्या माणसाच्या नावावर येतंय त्यांनी आधी नावबदल उरकून घ्यावा, नाहीतर पुढे प्रत्येक पायरीवर अडतं. दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागू नये असा नियम त्याच वर्षी झाला, त्यामुळे मंजुरी पटकन आली. खोळंबा झाला तो अर्थिंगपाशी.

मार्चअखेर सोलर एजन्सीचा मुलगा जागा पाहायला आला. छत मोजलं, मीटरची पेटी पाहिली आणि मग बॅगेतून एक पिवळं यंत्र काढलं. "मॅडम, मेन बंद करा आणि कुणी चालू करणार नाही असं बघा. अर्थिंगची वायर सोडवायचीय." हे वाक्य ज्यांच्या घरी असं मोजमाप होणार आहे त्यांनी लक्षात ठेवावं. घरात एखादं उपकरण गळत असेल तर अर्थची वायर सोडवताक्षणी तिच्या घरच्या टोकाला भरपूर व्होल्टेज येऊ शकतं. मेन बंद केल्याशिवाय त्या नटाला पाना लावायचा नाही. आणि वायर सोडवल्याशिवाय मोजण्यातही अर्थ नाही. ती घराला जोडलेली असेल तर सळ्या, पाण्याचे पाइप, जे जे जमिनीला टेकलंय ते सगळं त्या आकड्यात मिसळतं आणि तुमचा खड्डा खरा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो.

त्याने जमिनीत दोन सळया ठोकल्या, तीन वायरी पसरल्या आणि बटण दाबलं. 38 ओहम. ओहम म्हणजे करंटला जमिनीत उतरताना होणाऱ्या अडथळ्याचं, रोधाचं माप; जितकं कमी तितकं चांगलं. एजन्सीच्या यादीत लिहिलं होतं पाच ओहमच्या आत.

मी शाळेत मराठी शिकवते. ओहमचा नियम दहावीनंतर भेटला नव्हता. पण पाच आणि अडतीसमधला फरक नेमका कशाने पडतो हे कळल्याशिवाय खर्च करायचा नाही असं ठरवलं आणि अण्णांना फोन लावला. अण्णा आमच्या नात्यातले, वीज खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी फोनवरच हिशेब मांडला.

समजा फ्रिजच्या पत्र्याला आतून फेज लागला. तो करंट अर्थच्या वायरने जमिनीत उतरतो आणि जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगकडे परत जातो. वाटेत आमचे 38 ओहम आणि तिकडचे समजा दोन. 230 भागिले 40, म्हणजे पावणेसहा अँपिअर. फ्रिजच्या सर्किटला 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच आहे. पावणेसहा अँपिअर हा त्याच्या दृष्टीने नेहमीचाच लोड, तो पडणार नाही. आणि फ्रिजचा पत्रा दोनशेपेक्षा जास्त व्होल्टवर तसाच बसून राहील.

"मग पाच ओहम केलं की झालं?" मी विचारलं.

"पाच केलंस तर 33 अँपिअर येतील. एमसीबी पडेल, पण तापून, सावकाश. झटक्यात पडायला त्याला पाच ते दहा पट करंट लागतो. तेवढा वेळ पत्र्यावर दीडशेच्या वर व्होल्ट असणारच. तू आधी आरसीसीबी बसव. खड्ड्याचं नंतर बघू."

आरसीसीबी म्हणजे फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला की नाही हे सतत तोलणारा स्विच. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणार्धात घर बंद. त्याला अर्थिंग पाच ओहमचंच लागतं असं नाही. 38 ओहमवरही 30 मिलिअँपिअर म्हणजे पत्र्यावर सव्वा व्होल्टसुद्धा नाही. मग कमी ओहमच्या मागे लागायचं कशाला? कारण आरसीसीबी हे शेवटी यंत्र आहे, ते अडकू शकतं. शिवाय सोलरचा इन्व्हर्टर आणि त्याच्यासोबतचे सर्ज अरेस्टर जास्तीचं व्होल्टेज जमिनीत सोडतात, तेव्हा वाट मोकळी हवी. पण क्रम हाच. माझ्याकडे कुणी सल्ला मागितला तर आजही मी आधी आरसीसीबीचं नाव घेते. दोन पोलचा, 40 अँपिअर, 30 मिलिअँपिअरचा आम्हाला दोन हजारांच्या आसपास पडला.

तो बसवल्यावर घर चालूच होईना. वर केला की खटकन खाली. इथे बरेच जण "आपल्या वायरिंगला सूट होत नाही" म्हणून तो काढून ठेवतात. तसं करू नका. तो पडतोय म्हणजे काहीतरी सांगतोय. वायरमनने सगळे एमसीबी पाडले, तरी तो पडायचाच. एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मग न्यूट्रलच्या बारवरून एकेक वायर सोडवत गेला. घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरचा न्यूट्रल माडीवरच्या एका बोर्डात अर्थच्या वायरला पिळून जोडलेला निघाला. काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, आत हिरवी आणि काळी वायर एकत्र. ते सोडवल्यावर घर चालू झालं, पण सकाळी गीझर लावला की पुन्हा खटका. गीझरचं एलिमेंट गळत होतं. ते बदलल्यानंतर आजवर उगाच एकदाही पडलेला नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एजन्सीची माणसं बोअरचं छोटं मशीन घेऊन आली. सोलरला तीन अर्थिंग लागतात: एक पॅनेलच्या बाजूचं, म्हणजे डीसी, एक घराच्या बाजूचं, म्हणजे एसी, आणि एक वीजरोधकाचं, म्हणजे आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या सळईचं. त्यांची पद्धत ठरलेली. घराला लागून तीन बोअर मारायचे, तांब्याचा मुलामा दिलेला तीन मीटरचा रॉड सोडायचा आणि भोवती केमिकलची पोती ओतायची. पहिला बोअर पाच फुटांवर पाषाणाला लागला. तिथून पुढे दुपारभर धूळ आणि आवाज. कसाबसा दहा फुटांपर्यंत गेला. रॉड, केमिकल, पाणी, सगळं झाल्यावर मोजलं तर 42. मीठ-कोळशाचा जुना पाइप बरा म्हणायची वेळ आली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर बोअरभोवती चिखल झालेला. ड्रमभर मिठाचं पाणी ओतलं होतं आणि मीटरवर 17 आकडा दिसत होता. "सर्वांचं असंच करतो मॅडम. अजून दोन बोअर मारून तिन्ही जोडले की पाच-सहावर येतंय. फोटो काढून अपलोड केला की काम झालं." मी म्हटलं, आठवड्याने परत मोजा. आठवड्याने 36 निघालं. आणखी दोन बोअर मारायचं मी थांबवलं. त्यावरून थोडी बोलाचाली झाली, आणि "आमचं काम यादीप्रमाणे पूर्ण आहे" असा मेसेज आला. ही एजन्सी काही वेगळी वाईट आहे असं नाही. नंतर ज्यांच्याशी बोलले त्यांच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच झालं होतं.

मीठ टाकलं की आकडा उतरतो हे खरंच आहे, कारण ओल्या मातीतले क्षारच करंट वाहून नेतात. पण मीठ पावसाबरोबर झिरपून निघून जातं आणि जाताना पाइपचं जस्त खाऊन जातं. आमचा जुना पाइप पुढे उकरला तेव्हा वरून ठणठणीत दिसत होता. फूटभर खाली मात्र त्याचे करपलेल्या भाकरीसारखे पापुद्रे सुटत होते, आणि पहारीचं टोक टेकवलं तर ते आरपार गेलं.

एप्रिलच्या मध्यावर अण्णा स्वतः आले. येताना ओळखीच्या कंत्राटदाराकडून चार टर्मिनलचा अर्थ टेस्टर घेऊन आले. भाडं दिवसाला आठशे रुपये. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "खड्डा कुठे घ्यायचा हे घर नाही, जमीन ठरवते." मग त्यांनी रॉड-बिड बाजूला ठेवून नुसती माती मोजायला घेतली. एका ओळीत सारख्या अंतरावर चार खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून करंट सोडायचा, आतल्या दोनवर व्होल्टेज मोजायचं. मीटर जो ओहम दाखवेल त्याला खुंट्यांमधल्या अंतराने आणि 6.28 ने गुणलं की मातीची रोधकता, म्हणजे ती माती करंटला किती अडवते ते, ओहम-मीटरमध्ये मिळते. अंतर वाढवत नेलं की साधारण तितक्या खोलीपर्यंतच्या जमिनीचा अंदाज येतो.

घराजवळ एक मीटर अंतराला 13.5 ओहम आले, म्हणजे 85 ओहम-मीटर. दोन मीटरला 11, म्हणजे 138. चार मीटरला 12, म्हणजे 300 च्या वर. जितकं खोल जाल तितकी जमीन वाईट. खाली पाषाणच आहे म्हटल्यावर दुसरं काय होणार? अशा ठिकाणी आणखी खोल बोअर मारणं म्हणजे पैसे देऊन जास्त रोध विकत घेणं. एरवी लांबीचा उपयोग मोठा असतो. एकाच जातीच्या मातीत रॉडची लांबी दुप्पट केली की रोध साधारण 40 टक्क्यांनी उतरतो, जाडी दुप्पट केली तर दहा टक्केसुद्धा नाही. म्हणून जाडजूड रॉड दाखवून कुणी जास्त पैसे सांगितले तर भुलू नका.

केमिकलचंही कोडं तिथेच सुटलं. बारीक रॉडच्या एकूण रोधापैकी जवळपास निम्मा रोध त्याच्याभोवतीच्या पहिल्या अर्ध्या फुटातल्या मातीत असतो. तेवढ्या भागात चांगलं भरण केलं तर फायदा होतोच. आमच्या बोअरमध्ये नुसता रॉड असता तर साठ-सत्तर ओहम निघाले असते, भरणामुळे 42 वर आले. पण भरणापलीकडे सगळा खडकच. त्याला केमिकल काय करणार?

नाना हे सगळं खाटेवर बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "अरे, मग ओढ्याकडच्या तुकड्यात घ्या की. तिथली विहीर खांदली तेव्हा बारा-तेरा फूट निव्वळ काळी निघाली होती."

ओढ्याकडचा तुकडा घरापासून चाळीस मीटर, उताराला. तिथे खुंट्या ठोकल्या. एक मीटरला 2.5 ओहम, दोन मीटरला 1.4, तीन मीटरला 1.2. गुणाकार केला तर सगळीकडे पंधरा ते तेवीसच्या मध्ये. घराजवळच्या जमिनीपेक्षा पाच ते दहा पट चांगली. जमिनीच्या पोटाची ही माहिती मीटर न घेताही मिळते. शेजारच्या विहिरी कुणी खोदल्या, किती फुटांवर मुरूम आणि किती फुटांवर पाषाण लागला, हे गावात कुणाला ना कुणाला पाठ असतं. मोजमाप करायच्या आधी त्यांना विचारावं.

मला शंका होती ती चाळीस मीटर लांबीची. इतक्या लांबून अर्थ आणला तर वायरचाच रोध नाही का वाढणार? 25 बाय 3 मिलिमीटरच्या जीआय पट्टीचा चाळीस मीटरला एक दशांश ओहमसुद्धा भरत नाही. फक्त विजेच्या बाबतीत, म्हणजे आकाशातल्या, लांबी चालत नाही. तिचा करंट इतक्या झपाट्याने चढतो की वायरची लांबी आणि वळणंच अडथळा होतात. म्हणून वीजरोधकाची तार सरळ खाली, घराजवळच्या त्याच बोअरमध्ये घ्यायची आणि बोअर जमिनीखालून पट्टीला जोडायचा असं ठरलं. मारलेला बोअर निदान तेवढ्या कामी आला.

तांब्याचा मुलामा दिलेले दोन रॉड एजन्सीकडे शिल्लक होते. ते खाली वापरूया असं मी सुचवलं, तर अण्णांनी नको म्हटलं. ओल्या मातीत तांबं आणि जस्त एकमेकांना जोडून ठेवले की जस्त झिजतं. आमची सगळी पट्टी जीआयची, मग इलेक्ट्रोडही, म्हणजे जमिनीत पुरायचे पाइपही, जीआयचे. आयएस 3043 या आपल्या अर्थिंगच्या मानकात जीआय पाइपला किमान 38 मिलिमीटर आतला व्यास आणि अडीच मीटर लांबी सांगितली आहे. आम्ही 40 चा पाइप घेतला, तीन मीटरचे दोन तुकडे, एकेका टोकाला तिरका काप देऊन.

जेसीबी मेच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाला. लग्नसराईत माणसं मिळत नाहीत आणि पावसाच्या तोंडावर जेसीबी मिळत नाही, हे गृहीत धरूनच तारीख ठरवा. आधी अडीच फूट खोल चर, घरापासून ओढ्यापर्यंत. नांगराचा फाळ लागणार नाही इतकी खोली हवी. खालच्या टोकाला एकमेकांपासून सहा मीटरवर, म्हणजे पाइपच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर, दोन खड्डे. जवळजवळ ठोकले तर दोन्ही पाइप एकाच मातीवर भार टाकतात आणि दुसऱ्याचा पैसा वाया जातो. पाच फूट खड्डा जेसीबीने केला आणि तिथून पाइप घणाने ठोकत नेला. डोक्यावर लाकडाचा ओंडका धरला होता, नाहीतर पाइपचं तोंड फुलासारखं उमलतं. पाच फुटांखालची काळी माती मेमध्येही हाताला गार लागत होती. मुठीत दाबली तर गोळा होत होता. पाइप सात फूट आत गेला, डोकं जमिनीच्या दोन फूट खाली राहिलं. ते मुद्दाम. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या भागात पाइपला सोडून देते. भोवती चाळलेली काळी माती आणि बेंटोनाइट, म्हणजे ओल धरणारी एक चिकणमाती, कालवून भरलं. नुसतं बेंटोनाइट नको, तेही वाळलं की आक्रसतं.

चरात पट्टी आडवी न ठेवता उभी ठेवली, म्हणजे दोन्ही बाजूंना माती चिकटते. भोवती दगड येऊ दिले नाहीत. ओढ्याकडून काळ्या मातीच्या दोन ट्रॉल्या आणून आधी ती पसरली, वर मुरूम. जोड देताना पट्टी एकमेकीवर वीतभर चढवून दोन बोल्ट, मग वेल्डिंग. वेल्डिंगने जस्त जळतं, त्यावर झिंक पेंट आणि वरून डांबर. जमिनीखाली झाकल्या जाणाऱ्या जोडांचे फोटो काढून ठेवा, नंतर भांडायला उपयोगी पडतात. पट्टी घराच्या भिंतीशी वर आली तिथे टेस्ट लिंक बसवली, म्हणजे दोन बोल्टांनी सुटणारा पट्टीचा तुकडा. आमच्या जुन्या अर्थिंगला ती नव्हती, वायर सरळ प्लास्टरमध्ये शिरली होती आणि पहिल्या मोजमापाला ती कापावीच लागली.

जुना कुजका पाइप मी काढून टाकणार होते. अण्णांनी तोही पट्टीला जोडायला लावला. "सोडून दिलास तर उद्या कुणीतरी त्याला इन्व्हर्टरची वायर बांधेल. एका घरात एकमेकांना न जोडलेले दोन अर्थ नकोत." दोषाच्या वेळी दोघांवर वेगवेगळं व्होल्टेज असू शकतं, आणि माणूस एका हाताने एकाला आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्याला शिवू शकतो.

मोजमाप पाऊस पडायच्या आत घ्यायचं होतं. जमिनीचा सगळ्यात वाईट आकडा एप्रिल-मेमध्येच येतो आणि अर्थिंग त्याच आकड्यावर जोखायचं. एकट्या पाइपसाठी करंटची खुंटी चाळीस मीटरवर, व्होल्टेजची खुंटी त्याच ओळीत 62 टक्के अंतरावर, म्हणजे पंचवीस मीटरच्या आसपास. मग मधली खुंटी दोन-तीन मीटर पुढे, दोन-तीन मीटर मागे नेऊन पुन्हा मोजायचं. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तरच खरं. फरक पडला तर बाहेरची खुंटी अजून लांब न्यायची. फोटोसाठी दहा पावलांवर खुंट्या ठोकून जे मोजमाप होतं त्यातला आकडा कितीही सुंदर असला तरी तो पाइपचा नसतो. क्लॅम्प मीटर नुसता वायरभोवती लावून मोजायची पद्धतही आहे, पण करंटला परत यायला दुसरी वाट असेल तरच ती चालते. घरापासून सोडवलेल्या एकट्या पाइपला ती लागू होत नाही.

एक पाइप 5.4, दुसरा 5.1, दोन्ही मिळून 2.9. निम्मं होत नाही, निम्म्याच्या जरा वर राहतं. त्यानंतर अण्णांनी पाइप सोडवून नुसती पट्टी मोजायला सांगितली. मुरमात आडवी पडलेली चाळीस मीटर पट्टी, मे महिना, आणि आकडा आला सात ओहम. जिच्याकडे मी फक्त वायर म्हणून बघत होते तिने एकटीने अख्ख्या बोअरला पाच पटीने मागे टाकलं होतं. ज्यांच्याकडे काळ्या मातीचा तुकडा नाही पण आवारात लांबी आहे त्यांनी याचा जरूर विचार करावा. पाषाणात खाली शिरण्यापेक्षा वरच्या मातीत आडवं पसरणं स्वस्त पडतं.

सगळं एकत्र जोडून मोजायला मात्र घाम निघाला. इलेक्ट्रोडच चाळीस मीटर लांब झाल्यावर खुंटी चाळीस मीटरवर ठेवून कसं चालेल? किमान पाचपट लांब जावं लागतं. वायरचं बंडल उलगडत बांधाबांधाने दोनशे मीटरच्या पुढे गेलो, मध्ये शेजाऱ्यांची गाय वायरवर उभी राहिली, तिला हाकललं. 2.3 ओहम.

या सगळ्याचा खर्च चौदा हजारांच्या आत-बाहेर झाला. जेसीबीचे तीन तास, पट्टी किलोवर मिळते ती तीस किलोच्या आसपास, पाइप, बोल्ट, झाकणाच्या दोन चौकटी, टेस्टरचं भाडं, मजुरी. एजन्सीने न मारलेल्या दोन बोअरचे पैसे वजा करावेत असं मी लेखी मागितलं. पैसे वजा झाले नाहीत, पण टेस्ट लिंक आणि घरातल्या अर्थच्या वायरी त्यांनी बदलून दिल्या.

कागदोपत्री एक गंमत अजून बाकी होती. त्यांच्या फॉर्ममध्ये तीन खड्ड्यांचे तीन रकाने, प्रत्येकात वेगळा आकडा आणि वेगळा फोटो. "सगळे जोडलेले आहेत" यासाठी रकानाच नाही. एसी म्हणून एका पाइपचा, डीसी म्हणून दुसऱ्याचा आणि वीजरोधक म्हणून बोअरचा फोटो लावला, आणि शेऱ्यात एकत्रित आकडा, तारीख आणि "लिंक सोडून, पाणी न ओतता मोजलेला" असं लिहून परवानाधारक कंत्राटदाराची सही घेतली. जूनमध्ये पॅनेल चढले. नेट मीटरसाठी, म्हणजे आलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरसाठी, तपासणीला आलेल्या अभियंत्यांनी शेरा वाचला आणि दोन्ही चौकटींची झाकणं उघडायला लावून खात्री करून घेतली. मीटर जुलैत लागलं, अनुदान ऑगस्टमध्ये नानांच्या खात्यात आलं.

एक गोष्ट राहिलीच. आमच्या भागात न्यूट्रल गेला की अर्थिंगवर काम भागवायची खोड आहे. फेज एका टोकाला, अर्थ दुसऱ्या टोकाला, आणि दिवा लागतो. अर्थिंग जितकं चांगलं तितका हा मोह वाढतो, कारण दिवा झकास लागतो. पण त्या वेळी पट्टी आणि पाइपभोवतीच्या ओल्या जमिनीतून सतत करंट वाहत असतो, आणि ओढ्याकाठी जनावरं चरतात. आमच्या चरावरून जाताना शेजाऱ्यांनी चांगल्या मनाने "आता न्यूट्रलची काळजी मिटली" म्हटलं, तेव्हा थांबून समजावून सांगावं लागलं. आता आरसीसीबी असल्यामुळे आमच्या घरातून तसं करायला गेलं तर तो लगेच पडतो.

2025 च्या एप्रिलमध्ये पुन्हा मेन बंद करून, लिंक सोडून मोजलं: 3.1. पाणी वर्षभरात एकदाही ओतलेलं नव्हतं. लिंकचे बोल्ट गंजून बसले होते, त्यांना ग्रीस लावलं. आकडे तारखेसह डीबीच्या, म्हणजे एमसीबींच्या पेटीच्या, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेत, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येईल. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण नाना दर महिन्याला दाबतात आणि घड्याळ-टीव्ही बंद पडले म्हणून सगळ्यांची बोलणी खातात.

मधल्या काळात आमच्याच वस्तीवरच्या दोघांनी सोलर घेतलं. त्यांना मी एवढंच सांगितलं की कोटेशनवर सही करण्याआधी त्यात एक ओळ घालून घ्या: अर्थिंगचं मोजमाप एप्रिल-मेमध्ये, लिंक सोडून, पाणी किंवा मीठ न घालता, आमच्यासमोर होईल आणि आकडा पाचच्या वर आला तर शेवटचा हप्ता थांबेल. एका एजन्सीने ती ओळ पाहून काम नाकारलं. दुसरीने दर दीड हजाराने वाढवला, आणि बोअरचं मशीन न आणता पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमची काळी जमीन कुठल्या बाजूला आहे?"